भोपळावर्गीय पिकांतील जनुककुटुंबाची वंशावळ कशी मांडावी

काकडीत एखाद्या जनुकाची एक प्रत आणि लाल भोपळ्यात दोन दिसल्या, की लगेच "कुटुंब वाढले" असे लिहू नका (जनुककुटुंब म्हणजे एकाच मूळ जनुकापासून आलेली जनुके). लाल भोपळ्याच्या कुकुर्बिटा प्रजातीत फार पूर्वी दोन वेगवेगळे जीनोम (जनुकांचे पूर्ण संच) एकत्र आले. म्हणून तिच्यात गुणसूत्रांच्या २० जोड्या आहेत. काकडीत ७, कलिंगडात ११, खरबुजात १२. तेव्हा कुकुर्बिटात दोन प्रती असणारच, असे धरून चाला.

उदाहरणादाखल डब्ल्यूआरकेवाय कुटुंब घेऊ; त्याची प्रथिने इतर जनुकांचे नियंत्रण करतात. प्रत्येक जातीची प्रथिनांची फाइल आणि जीएफएफ फाइल (जनुकांच्या जागांची नोंद) एकाच आवृत्तीची हवी, नाहीतर पुढे नावेच जुळत नाहीत. प्रत्येक जनुकाचे सर्वांत लांब प्रथिन तेवढे ठेवा. मग एचएमएमर या शोध-प्रोग्रामने पीफॅम या डोमेन-संग्रहातील पीएफ०३१०६ शोधा; डोमेन म्हणजे प्रथिनाचा ठरावीक भाग, आणि हे डब्ल्यूआरकेवायचे डोमेन. ई-व्हॅल्यूची (जुळणी योगायोगाची असण्याचे माप) मर्यादा ०.००००१ पुरते. निकालात ओळी डोमेनगणिक येतात आणि या कुटुंबाच्या पहिल्या गटातील प्रथिनांत हे डोमेन दोनदा असते. ओळी मोजल्या तर जनुकांची संख्या फुगते, म्हणून जनुकांची नावे मोजा.

एखाद्या जातीत प्रत सापडलीच नाही, तर ती हरवली असे ठरवण्याआधी टीब्लास्टएनने (प्रथिनावरून डीएनएत शोधणारा प्रोग्राम) थेट जीनोममध्ये शोधा. पुष्कळदा जनुक जागेवर असते, फक्त नोंदीतून सुटलेले असते.

पुढे मॅफ्ट प्रोग्रामने प्रथिनांची जुळवणी, ट्रिमएएलने तिची छाटणी, आयक्यू-ट्रीने वंशवृक्ष (१००० अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप, म्हणजे प्रत्येक फांदीचा आधार तपासणाऱ्या फेऱ्या). अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील नमुना-वनस्पतीची प्रथिने सोबत घ्या, म्हणजे गट ओळखता येतात. ९५ पेक्षा कमी आधार असलेल्या फांदीवर निष्कर्ष बांधू नये.

आता खरी कसोटी, जनुकांची जागा. एमसीस्कॅनएक्स चालवा; हा प्रोग्राम गुणसूत्रांवरचे सारख्या जनुकक्रमाचे पट्टे शोधतो, त्यात एका पट्ट्यात किमान ५ जनुके क्रमाने जुळावी लागतात. कुकुर्बिटाच्या दोन प्रती अशा दोन पट्ट्यांत बसल्या, तर त्या जीनोम दुपटीच्या. शेजारीशेजारी असतील तर स्थानिक दुपटीच्या, आणि कुटुंब वाढल्याचा पुरावा त्याच. गुणसूत्रांचे क्रमांक जुळवत बसू नका: खरबुजापासून वेगळी झाल्यावर काकडीची ७ पैकी ५ गुणसूत्रे जुन्या गुणसूत्रांच्या जोडणीतून तयार झाली.

दुपटीचे सापेक्ष वय केएसवरून (प्रथिन न बदलणाऱ्या डीएनए-बदलांचे प्रमाण) काढताना प्रथिनांच्या जुळवणीवरून कोडॉनची (डीएनएतील तीन-तीन अक्षरांचे गट) जुळवणी करून घ्या. केएस २ च्या वर गेला की एकाच जागी पुनःपुन्हा बदल झालेले असतात. अशा जोड्या वयाच्या आलेखातून वगळा.