'इमान' या शब्दाचं मूळ कसं काढायचं

आधी शब्दाला चिकटलेलं सगळं सोडवून घ्या. इमानदार आणि बेइमान यांतले 'दार' (बाळगणारा) आणि 'बे' (-विना) फारसी. उरलेलं इमान मात्र अरबी.

मग मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. शब्दापुढच्या कंसातलं इंग्रजी अक्षर बघा: अरबीला ए, फारसीला पी, संस्कृतला एस. हे अक्षर मूळ सांगतं, वाट नाही. असे अरबी शब्द मराठीत बहुतेक फारसीमार्फत, दरबारी कारभारातून आले. अरबी मुळाला फारसी शेपूट लागतं ते त्यामुळेच.

आता व्यंजनं मोजा. अरबी शब्द सहसा तीन व्यंजनांवर उभा असतो, स्वर साच्याप्रमाणे बदलतात. इमानाची व्यंजनं हमजा-म-न (हमजा म्हणजे घशात क्षणभर श्वास अडवून काढलेलं अरबी व्यंजन); भाव निर्धास्तपणाचा, भरवशाचा. अमन, अमीन, अमानत ही त्याचीच भावंडं. बँकेतली 'अनामत'सुद्धा अमानतच, फक्त म आणि न यांनी जागा बदलल्या. म्हणून कुणी इनामालाही इमानाचा नातलग ठरवतात, ते चूक. दोन्ही एका साच्यात ओतलेले म्हणून सारखे दिसतात, पण इनामाची व्यंजनं न-ऐन-म. ऐन हे घशातून काढायचं अरबी व्यंजन; मराठी उच्चारात ते गळतं आणि फसगत होते. 'मान' या संस्कृत शब्दाशीही इमानाचा संबंध नाही. तसा तो मानला, तर सुरुवातीचा इ कुठून आला, हे कुणाला सांगता येत नाही.

अर्थ ठरवताना शब्द वाक्यात बदलून बघा. अरबीत ईमान म्हणजे मुख्यतः धर्मश्रद्धा. मराठीत ते माणसाकडे, खाल्ल्या मिठाकडे वळलं: कुत्रा इमानी असतो, नोकर इमानाला जागतो. पण 'इमानी प्रयत्न' म्हणून बघा, कानाला खटकतं. तिथे 'प्रामाणिक'च हवं. तो शब्द 'प्रमाण'वरून आलेला, संस्कृतात त्याचा अर्थ पुराव्याला धरून असलेला. म्हणजे एकात निष्ठा, दुसऱ्यात खरेपणा. कोशांत दोन्हींपुढे सरसकट एकच प्रतिशब्द दिलेला आढळतो, त्यावर विसंबू नका.

राहिलं 'इमानेइतबारे'. यातला पहिला ए फारसी जोडणीचा, म्हणजे दोन शब्दांना जोडणारा, वाटतो; पण तसा असता तर तो दोहोंच्या मध्येच आला असता, शेवटच्या 'इतबार'ला लागला नसता. दोन्हीकडे आहे तो जुना मराठी तृतीयेचा प्रत्यय. पूर्वी त्यावर अनुस्वार देत: इमानेंइतबारें, म्हणजे इमानाने आणि विश्वासाने.