फायनल इयरला सेल्फ पोर्ट्रेट सिरीज घेताय? मग हे वाचा

स्वतःच्याच चित्रांच्या मालिकेत आपला वारसा कसा दाखवायचा, हे ज्युनियर पोरंपोरी सारखं विचारायलेत म्हणून एकदाच लिहून टाकते. मी पेंटिंगवाली, गाव धाराशिव जिल्ह्यात, बीएफए (चित्रकलेची पदवी) संभाजीनगरला.

पहिलं म्हणजे, वारसा म्हणलं की नऊवारी, नथ आणि मागं अजिंठ्याची भिंत, हे नका करू राव, कॅलेंडर होतं त्याचं. आधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. आमच्या पेटीत पणजोबांच्या शाळेचा दाखला निघाला, सगळा उर्दूत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण मराठवाड्यातली माणसं निजामाच्या राज्यात होतो, शाळा उर्दूतून होत्या, हे पुस्तकातून पाठ असतं, पण घर माळकऱ्यांचं आणि आपल्याच माणसाच्या नावाचा कागद घरात एकालाही वाचता येईना, हे जरा वेगळंच लागतं. सिरीजभर मी तोच कागद धरून आहे, कुठं तोंडापुढं, कुठं नुसता मांडीवर. आजी म्हणायची, "स्वतःचंच तोंड किती काढायलीस गं!"

आता कामाचं. शक्यतो आरसा वापरा. मोबाईल जवळ धरून सेल्फी काढला की नाक फुगतं, कान मागं जातात, आणि तेच बघून रंगवलं तर चेहरा तुमचा वाटतच नाही. पण आरसा बाजू उलटी करतो. माझी चमकी डावीकडं आहे, चित्रातल्या पोरीची उजवीकडं दिसते. तेवढं मी तसंच ठेवलं, दाखल्याची अक्षरं मात्र आरशातून काढायची नाहीत, कागद समोर ठेवून काढायची, नाहीतर उर्दू येणारा माणूस हसंल. खिडकी उत्तरेची बघा, उजेड दिवसभर फारसा बदलत नाही.

ती फ्लेश टिंटची, म्हणजे तयार कातडी-रंगाची गुलाबी ट्यूब तर घेऊच नका. आपली कातडी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) बसते, सावलीला थोडा अल्ट्रामरीन निळा. उन्हाळ्यात गावाकडून आल्यावर माझं कपाळ आणि गालाची हाडं रापलेली असतात, ओढणीखालचा गळा उजळ राहतो, ती सीमारेषा रंगवायला मला सगळ्यात जास्त मजा आली. दागिन्यापेक्षा गाव तिथंच जास्त दिसतं असं माझं मत.

चित्रातली नजर कुठं ठेवायची यासाठी चित्रकार अमृता शेरगिल बघा. आई हंगेरियन, वडील शीख, आणि 1934 च्या चित्रात ती स्वतःला ताहिती बेटावरची बाई म्हणून रंगवते, मागं एका पुरुषाची सावली आणि ही बघणाऱ्याकडं बघतच नाही. प्रत्येक चित्रात समोर टक लावून बघायची गरज नसते, हे मला तिथं कळलं.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम दाखवताना, "यात तू कुठंय?" हे विचारतातच. तिथं अस्मिता-बिस्मिता म्हणत बसू नका, पेटीत काय सापडलं ते सरळ मराठीत सांगा. आणि मूळ कागद कॉलेजला नेऊ नका, कलर झेरॉक्स न्या. लॅमिनेशन तर अजिबात नको, जुना कागद त्यात कायमचा अडकतो.