बॉक्सिंग-कराटेच्या सरावात फिटनेस बँड : या चुका टाळा

खानदेशात गावच्या यात्रेतील दंगलीत उतरणारा पैलवान हातातील कडे, अंगठी आणि गळ्यातील ताईत काढून सोबत्याच्या हाती देतो आणि मगच मातीला हात लावतो. बॉक्सिंग, कराटे, ज्यूदो शिकणारी आजची मुले मात्र मनगटावरील फिटनेस बँड तसाच ठेवून जोडीदारासमोर उभी राहतात, आणि ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. ठोसा हुकून मनगट समोरच्याच्या भुवईला घासले, तर घड्याळाच्या कडेने कातडी फाटू शकते. लाथ अडवताना घाव नेमका घड्याळावर बसला, तर तीच कड आपल्या मनगटाच्या हाडात रुतते. आणि पकडीच्या खेळात जोडीदाराचे बोट पट्ट्यात अडकून मुरगळते. ज्यूदोच्या स्पर्धेत कोणतीही कठीण किंवा धातूची वस्तू अंगावर ठेवण्यास नियमानेच मनाई आहे, आणि सरावालाही तोच नियम लावणे योग्य ठरेल. बँड वापरायचाच असेल, तर तो दोरीवरच्या उड्या, शॅडो बॉक्सिंग (जोडीदाराशिवाय हवेत ठोसे मारणे) आणि पंचिंग बॅग यांच्यापुरता ठेवावा.

दुसरी चूक म्हणजे बँडवरूनच हँडरॅप, म्हणजे ग्लोव्हजच्या आत हाताला बांधायची कापडी पट्टी, गुंडाळणे. हँडरॅपचे काम मनगटाला सर्व बाजूंनी सारखा आधार देणे हे आहे. मध्ये घड्याळाचा उंचवटा आला की तो आधार तुटतो, आणि बॅगवर ठोसा बसताना सगळा दाब त्या एका जागेवर येतो. शिवाय ग्लोव्हजच्या आत बटण दाबले जाऊन नोंद मध्येच थांबते, म्हणून “माझा अर्धाच सराव नोंदला गेला” अशी तक्रार येते. दंडावर बांधायचा बँड वापरल्यास या दोन्ही अडचणी उरत नाहीत.

आकडे चुकतात तेव्हा बँड खराब आहे असे समजण्याआधी त्याचे काम कसे चालते, हे लक्षात घ्यावे. बँड त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो. रक्त तो प्रकाश शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्ताचे प्रमाण बदलत असल्यामुळे परत येणाऱ्या प्रकाशातील फरकावरून नाडी मोजली जाते. मूठ आवळली की मनगटातील शिरा आणि स्नायूबंध सरकतात, ठोशाच्या धक्क्याने बँडही हलतो, आणि सलग एका लयीत ठोसे मारत असल्यास बँड कधी कधी ती लयच नाडी म्हणून दाखवतो. म्हणूनच ३ मिनिटांची फेरी संपवून धाप लागलेली असताना पडद्यावर नाडी फक्त ९५ दिसते. बँड मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, सरकणार नाही पण रक्तही अडणार नाही असा बांधावा. थंडीत पहाटे हात गार पडल्यावर त्वचेतील रक्तप्रवाह कमी होतो, तेव्हा अंग गरम झाल्यावरच नोंद सुरू करावी. आपल्याकडे अनेक जणींच्या हातावर गोंदण असते. त्याची शाई प्रकाश अडवते, म्हणून बँड गोंदण नसलेल्या जागी बांधावा.

ज्यांना खात्रीची नाडी हवी आहे, त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा, कारण तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो आणि मुठीच्या हालचालीचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. सुरुवातीची काही मिनिटे तो वेडेवाकडे आकडे दाखवत असेल, तर आतील बाजू पाण्याने ओली करून घ्यावी. कोरड्या त्वचेवर त्याला संकेत नीट मिळत नाहीत. स्पॅरिंगच्या (जोडीदाराशी लढतीच्या सरावाच्या) वेळी मात्र हाही काढावा, कारण त्याचा कठीण भाग बरोबर छातीच्या हाडावर असतो.

आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये सराव करताना नेहमीच्याच फेऱ्यांना नाडी बरीच जास्त दिसते. हृदयाला तेव्हा स्नायूंबरोबर त्वचेकडेही रक्त पाठवावे लागते, आणि घामावाटे पाणी गेल्यामुळे एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्तही घटते. हा दम कमी झाल्याचा पुरावा समजून अधिक फेऱ्या मारणे धोक्याचे आहे. २२० मधून वय वजा करून काढलेली कमाल नाडीही ढोबळच असते. प्रत्यक्ष आकडा १०-१२ ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असू शकतो. पावले आणि कॅलरी यांकडे तर या खेळात लक्षच देऊ नये, कारण हाताची हालचाल बँड पाऊल म्हणून मोजू शकतो.

सरावानंतर पट्टा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. घामातील मीठ साचल्याने त्वचेवर चट्टे उठतात, तसेच चार्जिंगच्या टोकांवर थर बसून चार्जिंग बंद पडते. तो थर मऊ, ओलसर कापडाने पुसता येतो.

डोक्याला मार बसल्यावर बँडकडे पाहून “नाडी ठीक आहे” म्हणत पुढची फेरी खेळणे, ही चूक मात्र एकदाही होता कामा नये. मेंदूला बसलेला धक्का नाडीत दिसेलच असे नाही. गरगरणे, मळमळ, डोकेदुखी किंवा बोलण्यात गोंधळ जाणवल्यास सराव तिथेच थांबवावा, मुलाला एकट्याने गाडी चालवत घरी पाठवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.