नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरणार असाल तर या चुका टाळा

राजधानी विंडहुक ते सोसुसव्लेईच्या वाळवंटाच्या फाटकाशी असलेलं सेसरीम, सव्वातीनशे किलोमीटर. मुंबई-कोल्हापूरपेक्षाही कमी, म्हणजे जेवून निघालो तरी अंधार पडायच्या आत पोहोचू, असा हिशेब आम्ही घरी बसून केला होता. तो साफ चुकला. यातला बराचसा रस्ता खडीचा आहे, आणि जूनमध्ये तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, पण वस्ती जेमतेम 30 लाख. त्यामुळे वाटेत अडलात तर तासभर दुसरी गाडी दिसत नाही. खडीवर ताशी 60 किलोमीटरचा हिशेब धरा आणि सकाळीच निघा. अंधारात कुडू हरणं अचानक रस्त्यावर येतात. गावाबाहेर रात्री गाडी चालवली तर भाड्याच्या गाडीचा विमाही बहुतेक वेळा लागू होत नाही.

सात दिवसांत सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्या, एतोशा अभयारण्य, व्हिक्टोरिया धबधबा आणि जमलं तर केप टाऊन, असे बेत मला नेहमी दाखवले जातात. मी त्यातली निम्मी नावं खोडायला सांगते. एकट्या नामिबियाला किमान दहा रात्री हव्यात. सेसरीमला दोन, समुद्रकाठच्या स्वाकोपमुंडला दोन, एतोशात चार आणि उरलेल्या दोन जाता-येता विंडहुकला.

खडीचा रस्ता आणि चाकातली हवा

सर्वांत जास्त त्रास इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. खडीचे रस्ते पन्हाळी पत्र्यासारखे झालेले असतात. गाडी थडथडायला लागली की वेग वाढवावासा वाटतो, कारण ऐंशीच्या पुढे थरथर कमी झाल्यासारखी वाटते. पण त्या वेगात चाकांची पकड सुटते आणि वळणावर गाडी घसरून उलटते. ब्रेक दाबायचा तो हळूच, स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही. डांबरी रस्त्यासाठी भरलेली हवा खडीवर थोडी कमी करावी लागते आणि वाळूत आणखी कमी. नेमकी किती, ते गाडी ताब्यात घेताना विचारून कागदावर लिहून घ्या. स्टेपनी दोन मागा, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर मागा, आणि टायर व काच विम्यात धरली आहे का ते तपासा. साध्या विम्यात बहुधा नसते.

आमचं चाक सॉलिटेअर या वाटेतल्या छोट्या वस्तीच्या पुढे पंक्चर झालं. जॅक लावला, दांडा फिरवत राहिलो, पण गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच रेतीत खाली जात होता. शेवटी रस्त्याकडेचा एक चपटा दगड ओढून आणला आणि त्यावर जॅक टेकवला, तेव्हा कुठे चाक सुटलं. तेव्हापासून मी गाडी घेतानाच एक जाड फळी मागून घेते. सॉलिटेअरला टाकी भरल्याशिवाय निघू नका. तिथून वॉल्व्हिस बेपर्यंतच्या सव्वादोनशे किलोमीटरच्या टप्प्यात पंप नाही.

सोसुसव्लेईच्या आधीचे शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू आहे. फोर बाय फोर आहे म्हणून हवा न काढताच लोक आत घुसतात आणि रुततात. रुतलात तर रेस करू नका, चाक आणखी खोल जातं. हवा काढा, चाकांपुढची वाळू हातांनी बाजूला करा, चाकांखाली गाडीतल्या मॅट सरकवा आणि अगदी सावकाश बाहेर या. वाळूची सवय नसेल तर गाडी अलीकडच्या वाहनतळावर ठेवून तिथल्या शटलने जाणं उत्तम. मुक्काम सेसरीमच्या फाटकाच्या आतच घ्या. आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेरच्यांना सूर्य उगवेपर्यंत थांबावं लागतं. सोसुसव्लेईजवळच्या डेडव्लेईतली शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली काळी झाडं पहाटेच्या तिरप्या उन्हातच पाहावीत.

मे की दिवाळी?

मुलांच्या शाळेमुळे आपल्याकडे याच दोन सुट्ट्या. मे महिन्यात हवा छान असते, पण पावसाळा नुकताच सरलेला, गवत उंच, रानात जागोजाग पाणी, त्यामुळे प्राणी विखुरलेले असतात. ऑक्टोबरात ते पाणवठ्यांवर हमखास येतात, मात्र ऊन कडक असतं. जुलै ते सप्टेंबर जमलं तर सोनंच, पण मग एतोशातल्या सरकारी कॅम्पचं बुकिंग कित्येक महिने आधी करावं लागतं. आणि आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून स्वेटर घरी ठेवू नका. जून-जुलैत वाळवंटात रात्री पारा शून्याजवळ उतरतो, आणि स्वाकोपमुंडला थंड बेंग्वेला सागरी प्रवाहामुळे सकाळी धुकं असतं.

एतोशात ताडोब्याची सवय सोडा

ताडोब्यात कॉल, म्हणजे वाघ दिसल्यावर इतर प्राणी देतात तो इशारा, ऐकला की जिप्सी धावते. एतोशात नेमकं उलटं करायचं. पाणवठ्यावर गाडी लावा, इंजिन बंद करा आणि तासभर बसा. गाडीतून उतरायचं नाही, कुंपण घातलेल्या कॅम्पमध्येच उतरायची मुभा आहे. दिवसभर एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे पळणाऱ्यांना धुरळा जास्त दिसतो. एतोशात रानरेडे नाहीत, तेव्हा ‘बिग फाइव्ह’ (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा) पुरे करायचे असतील तर दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर निवडा.

ओकाउकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात. जेवण झालं की लोक झोपायला जातात, ही मला सर्वांत हळहळ वाटणारी चूक. आम्ही घोंगडी पांघरून बसलो होतो. दहाच्या सुमारास एक काळा गेंडा पिल्लासह आला. पाण्यात तोंड घालण्याआधी मादी बराच वेळ कान फिरवत उभी राहिली. इतकी शांतता होती की पिल्लाचं पाणी ओढणं ऐकू येत होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पीतज्वराची लस घेऊन पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. पहिल्यांदाच घेत असाल तर ते कार्ड लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका.