कोकणातून ज्युनिअर स्क्वॉश खेळताय? आधी गार बॉलची तयारी करा

रँकिंगचे गुण कसे मिळतात, १९ वर्षांखालचा गट म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असणारच. रत्नागिरीकडच्या पोरांचं घोडं अडतं ते बॉलपाशी.

आपल्याकडे हवा दमट, कोर्ट कोंदट, वर पत्रा. दोन पिवळ्या ठिपक्यांचा, म्हणजे स्पर्धेतला कमी उसळणारा बॉल बघता बघता तापतो, आतली हवा फुगते आणि चांगला लेन्थचा, म्हणजे खोल मागे टाकलेला बॉलसुद्धा मागच्या भिंतीवर आपटून निवांत पुढे येतो. आपण थांबतो, तो येतो, आपण मारतो. पायांना तीच खोड लागते. मग जानेवारीत ब्रिटिश ज्युनिअर ओपनला इंग्लंडच्या थंडीत उतरलात की तोच बॉल गार राहतो, मागच्या कोपऱ्यात पडतो आणि तिथेच मरतो. माझं तेच झालं: मी रॅकेट मागे घेऊन वाट बघत उभा, आणि मार्कर, म्हणजे गुण पुकारणारा, पुढचा पॉइंट पुकारून मोकळा. दम कमी पडला असं सगळे म्हणाले. दम भरपूर होता, बॉलच येत नव्हता.

जागतिक ज्युनिअर स्पर्धेतही हेच. २०१८ ची चेन्नईत झाली, २०२३ ची मेलबर्नला, तीही जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात. आणि शहर कितीही उकाड्याचं असो, एसीतलं कोर्ट गारच.

फ्रीजमधला बॉल काढून सराव करायचा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या. आपल्या हवेत तो चार रॅलींत पुन्हा उसळायला लागतो. त्यापेक्षा नियम बदलून खेळा: ज्याने मागच्या भिंतीवरून आलेला बॉल मारला, त्याचा पॉइंट गेला. झक मारत टीवर, म्हणजे कोर्टाच्या मधोमध रेषा मिळतात तिथे, उभं राहून व्हॉली करावी लागते, बॉल टप्पा पडायच्या आधीच मारावा लागतो. आमच्या क्लबातले जुने मार्करकाका (क्लबात खेळ शिकवणाऱ्यालाही मार्करच म्हणतात) हेच ओरडायचे, "मागची भिंत काय तुझी आत्या लागते, बॉल आणून द्यायला?" असा एक मार्कर दहा यूट्यूब कोचांना भारी.

डोळ्यांना मार लागू नये म्हणून गॉगल ज्युनिअरना सक्तीचा आहे. पावसाळ्यात त्यावर वाफ धरते, म्हणून सराव गॉगल लावूनच करा.

'डायरेक्ट वर्ल्ड ज्युनिअरची एंट्री करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तिथली एंट्री, वैयक्तिक असो वा संघाची, राष्ट्रीय संघटनेकडूनच जाते. ब्रिटिश ज्युनिअर ओपन वेगळी, ती खुली आहे. सांघिक लढतीत चौघांपैकी तिघं खेळतात, तेही ताकदीच्या क्रमाने. तीनपैकी दोन सामने जिंकले की लढत आपली. चौथा नंबर लागला म्हणून तोंड पाडू नका, एखाद्याचा पाय मुरगळला की तुम्हीच आत.

आणि घाबरू तर अजिबात नका. जोशना चिनप्पा चेन्नईची, म्हणजे आपल्यासारख्याच घामट हवेत वाढलेली. २००५ मध्ये ब्रिटिश ज्युनिअर ओपनचं १९ वर्षांखालचं विजेतेपद तिनेच जिंकलं, आणि तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय मुलगी. गार बॉल शिकता येतो.

फक्त सामन्याच्या दिवशी सकाळी कोकणकन्येतून उतरून थेट मुंबईच्या एसी कोर्टावर जाऊ नका. आदल्या दिवशी पोचा, अर्धा तास कोर्ट मिळवा. नॉकअपला, म्हणजे सामन्याआधी बॉल तापवायला, चारच मिनिटं असतात, दोन मिनिटांनी बाजू बदलते. तेवढ्यात पुढच्या भिंतीजवळ हळूच टाकायचे नाजूक ड्रॉप घोळवत बसू नका, बॉल ताकदीने हाणा.