लीड्समध्ये गप्पा मारायच्यात? मग आधी ट्रामबद्दल कुरकुर करायला शिका

डिसेंबर २०१९ ची निवडणूक झाली त्याच्या पुढच्या सोमवारची गोष्ट. मी इंग्लंडमधल्या लीड्सला येऊन जेमतेम दोन महिने झालेले, ऑफिसच्या किचनमध्ये केटल लावून उभा होतो आणि शेजारच्या टीममधल्या एका काकांना (पन्नाशीचे असतील, इथे काका म्हणत नाहीत पण माझ्या डोक्यात ते काकाच) मी अगदी आपल्या कट्ट्यावर विचारतो तसं विचारून टाकलं, मग, तुम्ही मत कुणाला दिलंत? ते दोन सेकंद थांबले, कपात बघितलं आणि म्हणाले, "दूध घालू का?" विषय संपला. नंतर कळलं की पगार किती विचारणं आणि हे विचारणं जवळपास एकच.

तर नवीन आलेल्यांसाठी लिहितोय. व्हिसा, घर, बँक खातं यावर ढीगभर लिहिलेलं सापडतं, पण केटलपाशी काय बोलायचं ते कोणी सांगत नाही आणि मग आपली पोरं वर्षभर फक्त हवामानावर काढतात.

सुरुवात तक्रारीनं करायची. मत, विश्लेषण, "माझ्या मते तर" वगैरे नंतर, आधी कुरकुर. ट्रेन लेट, रस्त्यावरचे खड्डे (हो, इथेही आहेत आणि त्यावर नगरसेवक निवडून येतात आणि पडतात), जीपीची (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट मिळवायला सकाळी आठच्या ठोक्याला लावलेला फोन आणि त्यात "तुमचा रांगेतला नंबर अठरा" म्हणणारी ती बाई. पण तक्रार मोघम नको. "ट्रान्सपोर्ट बेकार आहे" म्हटलं तर लोक मान डोलावून निघून जातात. लीड्समध्ये असाल तर म्हणायचं की २००५ मध्ये सुपरट्रॅम नावाची ट्रामची योजना रद्द केली, २०२१ मध्ये एचएस टू या हायस्पीड रेल्वेचा लीड्सचा फाटा रद्द केला, एवढ्या मोठ्या शहराला ना ट्राम ना मेट्रो, आणि मग बघा, माणूस केटल परत भरतो आणि स्टूल ओढून बसतो. २००५ ला सरकार लेबरचं होतं, २०२१ ला काँझर्व्हेटिव्हांचं, त्यामुळे समोरचा कुठल्याही पक्षाचा असला तरी त्याला अर्धी शिवी देता येते. पुण्यात मेट्रो झाली हे एकदाच, हळूच सांगायचं आणि गप्प बसायचं. फार झोंबतं.

एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेवर, बोलताना जपून. वाट बघण्याबद्दल हवी तेवढी तक्रार करा पण नर्स-डॉक्टरांबद्दल नाही, आणि "आमच्याकडे पैसे भरले की त्याच दिवशी एमआरआय होतो" हे वाक्य गिळून टाका, कारण कट्टर उजव्या माणसालासुद्धा एनएचएस म्हणजे घरातली म्हातारी आजी, तिच्यावर बोलायचा हक्क फक्त त्यांचा.

पक्षाचं नाव न घेता राजकारण बोलायचं असेल तर आकडे काढा. २०२४ च्या जुलैमध्ये लेबरला साधारण ३४ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, रिफॉर्म या उजव्या पक्षाला १४ टक्के मतं आणि जागा फक्त ५, लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी मतं आणि जागा ७२. रिफॉर्मवाला म्हणतो अन्याय झाला, ग्रीनवाला पण म्हणतो अन्याय झाला, आणि लेबरवाला चहा ढवळत "हो ना, सिस्टीम विचित्रच आहे" म्हणतो. आपल्याला हे सगळं पाठ असतं कारण ज्याला जास्त मतं तो सीट घेऊन जाणार ही पद्धत आपण यांच्याकडूनच उचललीय, त्यामुळे मतविभागणी म्हणजे काय ते महाराष्ट्रातल्या माणसाला शिकवायची गरज नाही, उलट तुम्हीच शिकवू शकता.

थोडं भाषांतर पण लागतं. "नॉट बॅड" म्हणजे फारच छान. "इंटरेस्टिंग" म्हणजे अजिबात पटलं नाही. "विथ रिस्पेक्ट" आलं की पुढे रिस्पेक्ट नसतो. यॉर्कशायरवाले त्यातल्या त्यात तोंडावर बोलतात, कोल्हापूरकरांसारखे, त्यामुळे मला तरी इथे बरं वाटतं.

आता अवघड जागा, इमिग्रेशन. कधी ना कधी कोणीतरी म्हणणारच की फार लोक येतायत, आणि लगेच, "तुझ्याबद्दल नाही हं, तू तर काम करतोस." इथे भाषण ठोकू नका आणि कसनुसं हसूही नका. मी एकदा फक्त हिशोब सांगितला की माझ्यासारख्या वर्क व्हिसावर असलेल्या मोठ्या माणसाला एनएचएससाठी वर्षाला १,०३५ पाउंड वेगळे भरावे लागतात (फेब्रुवारी २०२४ पासूनचा रेट), तीन वर्षांचा व्हिसा असेल तर ३,१०५, ते पण सगळे आधीच, आणि वर पगारातून टॅक्स कापला जातो तो कापला जातोच. त्या माणसाला हे माहीतच नव्हतं, खरंच. पण एक सांगतो, आपल्याच व्हॉट्सॅप ग्रुपवर चालतं तसं "आम्ही लीगल, ते बोटीतून येणारे वाईट" हे चालवू नका. टाळ्या मिळतात, पण ज्याला तुम्ही टाळी देताय त्याला रस्त्यावर तुमच्यातला आणि त्यांच्यातला फरक दिसत नाही.

क्रिकेट. आपल्याला वाटतं की इंग्लंड म्हणजे घरोघरी क्रिकेट, तसं नाहीये. २००५ ची अ‍ॅशेस संपली आणि इथल्या टेस्ट मॅच फुकटच्या चॅनेलवरून पैसे भरून बघायच्या स्कायवर गेल्या, त्यानंतर वाढलेल्या बऱ्याच पोरांना फुटबॉलपलीकडे काही दिसत नाही, म्हणून तिशीच्या आतल्या माणसाला आधी विचारा की क्रिकेट बघतोस का. साठीच्या माणसाला विचारायची गरज नाही. त्याला हेडिंग्लीचं (लीड्सचं टेस्ट मैदान) २०१९ विचारा, पहिल्या डावात ६७ ला ऑलआउट होऊन स्टोक्सनं नाबाद १३५ काढून जिंकलेली ती मॅच, त्यात शेवटच्या विकेटच्या ७६ रन्सच्या पार्टनरशिपमधे लीचचा रन एकच. तो एक रन निघाला तेव्हा तुम्ही कुठे होतात, एवढंच विचारा आणि वीस मिनिटं ऐका. आपलं पण नाणं आहे इथे. यॉर्कशायरच्या क्लबात यॉर्कशायरमधे जन्मलेलेच खेळायचे असा दंडक होता, तो मोडला आणि १९९२ मध्ये परदेशी म्हणून पहिला खेळला तो आपला सचिन.

२०२५ च्या जूनमध्ये मी हेडिंग्लीला वेस्टर्न टेरेस या स्टँडमध्ये बसलो होतो, शेवटच्या दिवशी. आपल्या टीमनं त्या मॅचमध्ये पाच शतकं मारलेली, पंतची त्यातली दोन, आणि तरी इंग्लंड ३७१ चा पाठलाग करत निवांत चाललं होतं. शेजारी एक आजोबा मांडीवर स्कोअरबुक घेऊन, पेन्सिलनं प्रत्येक डॉट बॉलचा ठिपका काढत बसलेले. आपला कॅच सुटला की ते हळूच म्हणायचे, "अनलकी." यशस्वीनं डकेटचा सोडला तेव्हा मी न राहवून म्हटलं, अनलकी कसला, हातातच आला होता की! आजोबांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं, हसले, आणि पोर्क पायचा डबा पुढे केला. मी खात नाही म्हटल्यावर चीजचं सँडविच काढलं. आपल्या टीमला आपण आधी शिवी घातली की इथे माणूस जवळ येतो. आपण हरलो, आणि संध्याकाळपर्यंत मला बॉथमची १९८१ ची इथलीच ती खेळी बॉल बाय बॉल कळली होती.

मग तो प्रश्न येतो, सपोर्ट कोणाला करतोस? १९९० मध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या काँझर्व्हेटिव्ह नेत्यानं हीच निष्ठेची परीक्षा करून टाकली होती, तेव्हापासून हसत विचारलं तरी त्यात एक बारीक काटा असतो. गुळमुळीत उत्तर देऊ नका. मी सांगतो, भारत, आणि काउंटीत यॉर्कशायर. शेजारच्या, जुन्या वैरी लँकेशायरला शिव्या देता आल्या की परीक्षा पास. अगदीच अडलात तर १९७१ चा लंडनच्या ओव्हलवरचा आपला विजय काढा, वाडेकरांची टीम, चंद्रशेखरच्या ३८ रन्समध्ये सहा विकेट्स, आणि गणेश चतुर्थी म्हणून आपल्या लोकांनी चेसिंग्टनच्या झूमधून मैदानात आणलेली बेला नावाची हत्तीण. हत्तिणीपुढे कोणी वाद घालत नाही.

आणि एवढं बोलणार असाल तर मत द्या. निम्म्या लोकांना माहीत नसतं की भारतीय पासपोर्टवर, वर्क किंवा स्टुडंट व्हिसावर असलात तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून तुम्हाला इथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. ऑनलाइन नाव नोंदवायचं, मतदानाच्या आधी कामाचे १२ दिवस उरेपर्यंत. फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. गुरुवार असतो, सुट्टी नसते, सकाळी सात ते रात्री दहा. मी चर्चच्या हॉलमध्ये गेलो तर दारात एका पक्षाचा बिल्ला लावलेल्या बाईंनी माझा मतदार नंबर विचारला, त्या पक्षाच्या कार्यकर्त्या असतात, नाही सांगितलं तरी चालतं. आत दोरीला बांधलेली पेन्सिल, फुली मारायची, घडी करायची, टाकायची. बोटाला शाई नाही, त्यामुळे सेल्फी कसला काढायचा हा प्रश्न पडतो. बाहेर एक लॅब्राडोर रेलिंगला बांधलेला, मालकाची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी केटलपाशी तेच काका. "जाऊन आलास का काल?" म्हणाले. म्हटलं, हो.

"रांग होती?"

"नव्हती."

"नॉट बॅड," म्हणाले आणि न विचारता माझ्या कपात दूध घातलं.