सूर्यास्ताकडे पाठ करा

गणपतीला घरी आलेला चाकरमानी परत जाताना शेदोनशे फोटो घेऊन जातो, त्यातले निम्मे सूर्यास्ताचे, आणि खरं सांगू का, सगळे एकसारखे दिसतात. माझेही तसेच होते. सूर्य समुद्रात बुडतो हे कौतुक कोकणाचं, त्यात आपलं काय?

म्हणून पहिलं काम, सूर्याकडे पाठ करा. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव चालू असतो आणि पाहुणे मात्र सगळे सुवर्णदुर्गाकडे मोबाईल धरून उभे. तोच उतरता उजेड मागे वाळूवर, ओल्या पाट्यांवर, माणसांच्या तोंडावर पडलेला असतो तिकडे कुणी बघतच नाही. तिथे एका जागी पंधरावीस मिनिटं नुसतं उभं राहा आणि स्वतःला विचारा की मला नेमकं कशाने थांबवलं. "बंदर" हे उत्तर नाही. "भाव ओरडणाऱ्या त्या बाईचा वर गेलेला हात" हे उत्तर. ते मिळालं की पुढे व्हा आणि त्या हाताशी ज्याचं देणंघेणं नाही ते फ्रेमच्या बाहेर काढा, झूम नको, पायाने पुढे व्हा. हां, आधी विचारा. "मावशी, एक काढू का?" म्हटल्यावर मला उत्तर मिळालेलं, "काढ, पण आधी म्हावरं घे." घेतलं.

दुसरं, वस्तू बघू नका, आकार बघा. १९०७ साली आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हा अमेरिकन फोटोग्राफर बोटीने युरोपला चाललेला, वरून खालच्या स्वस्त डेकवरची गर्दी बघताना त्याला आधी दिसली ती एक गोल गवती हॅट, तिरकं धुराडं, तिरका जिना, कुणाच्या तरी पाठीवर फुली मारलेले पांढरे गॅलस, म्हणजे पँटचे पट्टे. कॅमेरा आणायला केबिनकडे धावला, एकच प्लेट शिल्लक होती, त्यातच काढला. तो 'द स्टीअरेज' आज फोटोच्या इतिहासात मानाने दाखवतात, आणि आपण एका माडाचे चाळीस काढतो. सवय लावायची तर डोळे किलकिले करून बघा, होडी, जाळं, माणूस ही नावं पुसली जातात आणि नुसते काळेपांढरे तुकडे उरतात. ते तुकडे एकमेकांना धरून असतील तरच बटण दाबा.

उजेडाचं गणित सोपंय. कॅमेऱ्याला सगळं मध्यम करड्या उजेडाचं करायचं असतं, म्हणून सावलीतली जांभ्याची भिंत तो उगाच उजळवतो आणि लाटेचा फेस उगाच मळवतो. मोबाईलवर बोट टेकवून उजेडाची पट्टी भिंतीला खाली ओढा, फेसाला थोडी वर. एवढ्याने अर्धं काम होतं.

पावसात कॅमेरे बॅगेत जातात ते तर मला कळतच नाही. ढगाळ उजेडात कडक सावल्या नसतात, भिजलेला चिरा गडद लाल होतो, गडग्यावरचं शेवाळ पेटल्यासारखं दिसतं. फक्त पांढरं आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका, डोळा तिकडेच जातो.

लाटा धुरासारख्या हव्या असतील तर शटर काही सेकंद उघडं आणि ट्रायपॉड, पण लाट मागे जाताना पायाखालची वाळू नेते, म्हणून पाय आधीच खोल रुतवा. लेन्सवर खारं पाणी उडालं तर कोरडं घासू नका, मिठाने ओरखडे पडतात, आधी ओलसर फडकं, मग कोरडं.

एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन वाढवणाऱ्यांना मी हात जोडतो. इथे आधीच इतका हिरवा आहे, वर अजून ओतलात तर माड प्लास्टिकचे वाटतात. उलट जरा कमी करून बघा.

आणि चांगला झालाय की नाही हे लाइकवरून ठरवू नका, चार बाय सहाची प्रिंट काढून पंधरा दिवस फ्रिजवर चिकटवा. माझा सुवर्णदुर्गाचा सोनेरी फोटो तिसऱ्या दिवशी घरात कुणाला दिसेनासा झाला. त्याच्या शेजारी चिकटवलेला फोटो आमच्या पडवीत सुकत घातलेल्या तीन छत्र्यांचा होता, साधा, पावसातला. आई अजून त्याच्यासमोर थांबते आणि विचारते, दोन आपल्या, मग ती तिसरी कोणाची रे?